गुहेच्या अरुंद वाटेत माणूस अडकल्यास सुटका कशी करावी

३० जानेवारी १९२५ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातील सँड केव्ह या गुहेतून बाहेर येत असताना फ्लॉइड कॉलिन्स या अनुभवी गुहाशोधकाच्या पायावर एक दगड निखळून पडला आणि त्याचे पाऊल फटीत अडकले. दगड सुमारे १२ किलोंचा होता, म्हणजे मोकळ्या जागेत कोणीही दोन हातांनी उचलून बाजूला ठेवावा इतकाच. कॉलिन्स भूपृष्ठापासून जेमतेम १७ मीटर खाली होता. माणसे त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचत होती, त्याला भरवत होती, त्याच्याशी बोलत होती. पण पायापर्यंत कोणाचाही हात जात नव्हता, कारण मधली सगळी जागा त्याच्याच शरीराने व्यापलेली होती. १६ फेब्रुवारीला स्वतंत्र विवर खणून बचावकर्ते त्याच्यापाशी आले, तेव्हा तो मरण पावलेला होता.

याच्या उलट २०१४ साली जर्मनीतील रीजेंडिंग गुहेत सुमारे १००० मीटर खोलीवर दगड डोक्याला लागून गंभीर जखमी झालेल्या संशोधकाला ११ दिवसांनी जिवंत बाहेर आणण्यात आले. त्या कामात अनेक देशांतील ७०० हून अधिक माणसे गुंतली होती. या दोन घटना शेजारी ठेवल्या की लक्षात येते की खोली हा निर्णायक घटक नाही. जखमी माणसाजवळ किती हात पोहोचू शकतात आणि त्याला हलवायला जागा किती आहे, यावर सुटका ठरते. गुहेतील अपघातात बळ, दोर आणि स्वयंसेवक यांची वानवा क्वचितच असते. वानवा असते ती वाटेची. एका वेळी एकच माणूस मावेल अशा वाटेतून हवा, ऊब, पाणी, हत्यारे, डॉक्टर आणि शेवटी खुद्द अडकलेला माणूस, हे सगळे जायचे-यायचे असते. त्यामुळे पुढील प्रत्येक सूचनेमागे एकच कसोटी आहे: या कृतीने वाट टिकेल की बिघडेल? या सूचना गुहांमध्ये उतरणाऱ्या गटांतील जाणत्या सदस्यांसाठी आहेत. प्रशिक्षित बचाव पथकाची जागा त्या घेऊ शकत नाहीत. मात्र पथक येईपर्यंतचे तास सोबत्यांच्याच हाती असतात.

आत शिरण्यापूर्वी

बाहेर राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे गुहेचे नाव, प्रवेशद्वाराची नेमकी जागा, आत जाणाऱ्यांची नावे, ठरलेला मार्ग आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी. त्या वेळेनंतर किती थांबून मदत मागवायची, हेही आधीच ठरवावे. गट किमान चौघांचा असावा, म्हणजे एकाला अपघात झाल्यास एक जण त्याच्याजवळ थांबू शकतो आणि दोघे मिळून निरोप घेऊन बाहेर जाऊ शकतात. प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे असावेत. पाणी वाहणाऱ्या गुहेत पावसाचा अंदाज पाहिल्याखेरीज पाऊल टाकू नये. १९६७ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील मॉसडेल केव्हर्न्समध्ये अचानक आलेल्या पुरात सहा जण दगावले.

यापुढील नियम मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण तो मोडण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो. खाली उतरत जाणाऱ्या अनोळखी फटीत डोके पुढे करून कधीही शिरू नये. २४ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेच्या युटा राज्यातील नटी पटी गुहेत २६ वर्षांचा एक तरुण अशाच एका फटीत शिरला. आपण गुहेतील एका ओळखीच्या अरुंद वाटेत आहोत, असा त्याचा समज होता. पुढे जागा रुंदावेल या अपेक्षेने तो सरकत राहिला आणि सुमारे २५ सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच अशा जागेत डोके खाली, पाय वर अशा स्थितीत अडकला. अशा स्थितीत श्वास सोडला की छाती थोडी आक्रसते आणि शरीर स्वतःच्या वजनाने किंचित खाली घसरते. पुन्हा श्वास घेतला की छाती फुगून नव्या जागी घट्ट बसते. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक माणूस आणखी आत जातो. हात शरीराच्या पुढे किंवा खाली दाबले गेल्याने मागे रेटण्यासाठी बळ लावता येत नाही. पाय पुढे करून उतरलेला माणूस अडकला, तरी त्याचे डोके वर राहते, हात मोकळे असतात आणि मदतनीस त्याच्या खांद्यांना धरू शकतो. गुहेचा नकाशा असेल तर तो आत न्यावा आणि प्रत्येक फाट्यावर ताडून पाहावा. ‘हीच ती वाट असावी’ एवढ्या भरवशावर अरुंद जागेत शिरू नये.

सोबती अडकल्यावर पहिली काही मिनिटे

पहिली सूचना अडकलेल्याला द्यावयाची असते, आणि ती म्हणजे थांबण्याची. धडपड केल्याने श्वास जलद होतो, छाती फुगलेली राहते, स्नायू ताठरतात, कपडे गोळा होऊन अंगाखाली दाटतात आणि शरीर अधिक घट्ट बसते. त्याला डोळे मिटून संथ श्वास घ्यायला सांगावे. श्वास पूर्ण सोडल्यावर छाती सर्वांत लहान असते. वर किंवा मागे सरकण्याचा प्रत्येक प्रयत्न त्याच क्षणी करावा. ज्या क्रमाने शरीर वळवून तो आत गेला, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने परत यावे. जवळच्या सोबत्याने प्रकाश टाकून अडलेली जागा शोधावी: पुष्कळदा छाती किंवा नितंब अडकलेलेच नसतात, अडकलेले असते ते पट्ट्याचे बक्कल, बॅटरीची पेटी किंवा खिशातली वस्तू. पायाला टेकू मिळत नसेल, तर सोबत्याने आपला तळहात किंवा खांदा त्याच्या बुटाखाली घट्ट धरावा. एवढ्या आधारावर अनेक माणसे स्वतःच सुटतात.

हातपाय धरून ओढू नये. घाईने ओढल्यास सांधा निखळतो, आणि निखळलेल्या सांध्याच्या माणसाला नंतर स्वतःच्या सुटकेसाठी काहीही करता येत नाही.

थोड्या वेळात सुटका झाली नाही, तर प्रयत्न चालू ठेवूनच निरोप पाठवावा. आपला आपण सोडवू, उगाच गाजावाजा नको, या संकोचात गेलेले तास पुढे भरून निघत नाहीत. मदत निम्म्या वाटेत असताना माणूस सुटला, तर पथक परत जाईल. त्यात कोणाचाही कमीपणा नाही. डोके खाली असलेल्या माणसाच्या बाबतीत तर क्षणभरही थांबू नये. त्या स्थितीत पोटातील अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो, डोक्याकडे साचणारे रक्त हृदयाकडे परत नेण्यासाठी शरीराला सतत श्रम पडतात आणि काही तासांतच हृदय थकते. नटी पटीतील तरुण निरोगी आणि धडधाकट होता; तरीही सुमारे २७ तासांनी त्याचा मृत्यू झाला.

निरोप कसा न्यावा

निरोप तोंडी नेऊ नये, लिहून न्यावा. दमलेला आणि घाबरलेला माणूस बाहेर पोहोचेपर्यंत निम्मे विसरतो. त्यात अपघाताची वेळ, गुहेतील नेमकी जागा, अडकलेल्याची उंची आणि अंदाजे वजन, शरीराची स्थिती, कोणता भाग अडकला आहे, शुद्ध आहे किंवा नाही, जखमा, पाण्याची स्थिती आणि आत थांबलेल्यांची नावे असावीत. वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेची मापे दिल्यास पथकाला कोणाला आत पाठवायचे हे आधीच ठरवता येते. युरोपात ११२, अमेरिकेत ९११ आणि ब्रिटनमध्ये ९९९ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. ब्रिटनमध्ये पोलिसांना मागून त्यांच्याकडे गुहा-बचाव पथकाची मागणी करावी लागते. अपघात गुहेत झाला आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. अन्यथा अग्निशमन दलाचे जवान मोठी साधने घेऊन येतात आणि दारातच अडतात.

वाट राखणे

सँड केव्हमध्ये पहिल्या दिवसांत धाडसी माणसे येत-जात राहिली, पण त्या येण्याजाण्यावर एका हाताचे नियंत्रण नव्हते. वाट ठिसूळ खडकातून जात होती. ४ फेब्रुवारीला ती मध्येच ढासळली आणि कॉलिन्सपर्यंत अन्न-पाणी नेण्याचा मार्ग बंद झाला. त्यानंतर उरला तो विवर खणण्याचा पर्याय. धक्क्यांनी गुहा कोसळेल या भीतीने ते काम हातांनी करावे लागले, त्याच्या भिंती पुनःपुन्हा ढासळत राहिल्या आणि सुमारे १७ मीटर जाण्यासाठी ११ दिवस लागले. त्या काळातील सर्वांत उपयोगी बचावकर्ता कोण ठरला, तर लुईव्हिलच्या वृत्तपत्राचा बातमीदार विल्यम मिलर. कारण त्याची चण लहान होती. तो अनेकदा कॉलिन्सपर्यंत गेला, त्याला भरवले, त्याच्या अंगाभोवतीचा राडारोडा काढला. त्याच्या वार्तांकनाला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, हे खरे. पण येथे आपल्याला महत्त्वाची आहे ती त्याची शरीरयष्टी.

तेव्हा पथकाने पहिल्याच तासात पुढील गोष्टी ठरवाव्यात. वाटेच्या तोंडाशी एक जण कायम बसवावा आणि त्याच्या परवानगीशिवाय कोणीही आत जाऊ नये. आत जाणाऱ्याचे नाव, वेळ आणि काम त्याने लिहून ठेवावे. अडकलेल्याजवळ एकच माणूस, त्याच्या मागे साधने पुढे देणारा दुसरा, आणि संदेश पोहोचवणारा तिसरा, एवढीच साखळी असावी. पुढे कोण जाईल, हे हुद्द्यावरून किंवा उत्साहावरून न ठरवता अंगकाठीवरून आणि शांत स्वभावावरून ठरवावे. दमण्याआधीच पाळी बदलावी. परत आलेल्याने काय केले यापेक्षा काय पाहिले, ते आधी विचारून घ्यावे. कोणता दगड हलतो, कोठे माती गळते, पाणी चढले का, ही माहिती बदलत असते आणि पुढच्या माणसाच्या जिवाशी तिचा संबंध असतो. सुटे दगड दिसल्यास लाकडी टेकू देऊन आधी वाट पक्की करावी, मगच पुढचे काम. यात वेळ गेल्यासारखे वाटते, पण ढासळलेली वाट मोकळी करण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

हवेचा प्रश्नही वाटेचाच प्रश्न आहे. मार्च १९५९ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमधील पीक कॅव्हर्न या गुहेत नील मॉस हा ऑक्सफर्डचा २० वर्षांचा विद्यार्थी एका उभ्या, अतिशय अरुंद कपारीत शिडीवरून उतरला आणि परत चढताना अडकला. त्याला ओढण्यासाठी वापरलेले दोर तुटले. कपार तळाशी बंद होती. त्यामुळे त्याच्या स्वतःच्याच उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड तेथे साचत गेला आणि तो बेशुद्ध पडला. त्याच्याकडे उतरणाऱ्या बचावकर्त्यांनाही त्याच हवेने गाठले. बारीक अंगाची एक १८ वर्षांची तरुणीही त्याच्यापर्यंत जाण्याचा प्रयत्न करून परतली. बेशुद्ध माणूस स्वतः श्वास सोडून अंग आकसून घेऊ शकत नाही की दोर बांधून घेऊ शकत नाही, म्हणून हवा बिघडताच सुटकेची शक्यता झपाट्याने कमी होते. बंद तळाच्या फटीत माणूस अडकला असेल, तर ताज्या हवेची नळी अगदी पहिल्या साहित्यात आत गेली पाहिजे. डोकेदुखी, विनाकारण धाप आणि गोंधळलेले बोलणे ही लक्षणे बचावकर्त्यात दिसली, तर त्याने काम अर्धवट सोडून परत यावे. काडी किंवा लायटर पेटतो का पाहून हवेची परीक्षा करू नये. ज्योत प्राणवायूच्या प्रमाणावर अवलंबून असते, त्यामुळे कार्बन डायॉक्साइड धोकादायक पातळीला पोहोचला तरी ती जळत राहू शकते. शिवाय ती असलेली हवा खाते. वायुमापक यंत्रच वापरावे.

देह जपणे

गुहेतील तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिर असते, आणि हवा बाष्पाने भरलेली असते. न हलणाऱ्या माणसाची उष्णता खडक शोषून घेत राहतो. म्हणून अंगावर पांघरण्यापेक्षा अंगाखाली काहीतरी सरकवणे अधिक मोलाचे: फोमची पट्टी, कोरडे कापड, मिळेल ते. डोके झाकावे. अंगावर टपकणारे पाणी प्लास्टिकच्या कापडाने किंवा चर काढून दुसरीकडे वळवावे. माणूस शुद्धीवर असेल, त्याचे डोके वर असेल आणि पोटाला इजा नसेल, तर कोमट गोड पेय घोटाघोटाने द्यावे.

दगडाखाली पाय किंवा हात बराच काळ दबलेला असेल, तर दगड हलवण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे. दबलेल्या स्नायूंमध्ये पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्ये साचतात. दाब एकाएकी निघाला की ती रक्तात मिसळतात आणि हृदय बंद पडू शकते. सोडवल्यावर काही क्षणांतच माणूस गेला, असे त्यामुळे घडते. अशा वेळी शिरेतून द्रव देणे दाब काढण्याच्या आधी सुरू व्हावे लागते.

ओढावे कधी आणि कसे

कॉलिन्सला पट्टे बांधून दोराने ओढण्याचा प्रयत्न झाला होता. असह्य वेदनांमुळे तो थांबवावा लागला. दगडाने पकडलेला पाय ओढून सुटत नाही, हे आज उघड वाटते, पण ओढणे हा घाबरलेल्या जमावाचा पहिला विचार असतो. ओढण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत: शरीर नेमके कोठे अडले आहे, ओढण्याची दिशा त्याला त्या जागेपासून दूर नेते की आणखी घट्ट बसवते, आणि तो सरकल्यावर त्याचे गुडघे, कोपर व डोके कोठे जाणार आहेत.

नटी पटीमध्ये बचावकर्त्यांनी खडकात आधार ठोकून दोर आणि कप्प्यांची रचना केली. वाकड्यातिकड्या वाटेत दोर थेट ओढता येत नाही. प्रत्येक वळणावर कप्पी लागते, प्रत्येक वळणावर घर्षणाने बळ वाया जाते आणि प्रत्येक आधारावर भार वाढतो. तो तरुण काही अंतर वर आलाही होता. मग एक आधार खडकातून निसटला, एक बचावकर्ता जखमी झाला आणि तरुण पुन्हा खाली घसरला. यावरून दोन नियम घ्यावेत. मऊ किंवा चिकणमातीने भरलेल्या खडकात एका आधारावर कधीही विसंबू नये. भार दोन-तीन आधारांवर वाटावा. आणि जेवढा माणूस वर येईल तेवढा तो तेथेच धरून ठेवणारी, मागे घसरू न देणारी पकड दोरावर आधीपासूनच बसवलेली असावी. ओढणाऱ्याला अडकलेल्याचा आवाज ऐकू गेलाच पाहिजे. मधल्या साखळीत निरोप उशिरा पोहोचत असेल, तर तारेचा फोन आत न्यावा. बेत असा असावा की श्वास सोडताना ओढ, श्वास घेताना विसावा.

ओढणे शक्य नसेल, तेव्हा खडक कमी करणे उरते. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलने जवळजवळ छिद्रे पाडून त्यांत पाचरा ठोकल्यास दगडाचे तुकडे मोठा धक्का न बसता सुटतात. प्रशिक्षित माणसे अतिशय लहान स्फोटके वापरूनही हे करतात, पण अडकलेल्याच्या अंगालगत ते करता येत नाही. धुरळा त्याच्या तोंडाशी जाऊ नये म्हणून ओले फडके लावावे. आधी कोणता दगड काढायचा, हे सोपेपणावरून ठरवू नये. ज्यामुळे बचावकर्त्याचा दुसरा हात आत जाईल, तो दगड आधी.

प्रवेशद्वारापाशी

सँड केव्हभोवती हजारो लोक जमले, विक्रेते आले, आणि शेवटी सैनिक तैनात करावे लागले. बाहेरच्या व्यवस्थेची सूत्रे एकाच व्यक्तीकडे असावीत आणि त्या व्यक्तीने स्वतः आत जाऊ नये. नातेवाइकांसाठी वेगळी जागा आणि त्यांच्याशी बोलणारा एकच ठरलेला माणूस असावा. त्यांना कळण्याआधी कोणतीही बातमी पत्रकारांना जाऊ नये. अडकलेला भाऊ किंवा मुलगा असेल, तर नातेवाइकाला आत पाठवण्याचा आग्रह होतो. तो ऐकून घ्यावा, पण निर्णय वाटेच्या रुंदीवर आणि त्या माणसाच्या मनःस्थितीवर घ्यावा.

थांबण्याचा निर्णय

गार पडलेल्या माणसाची नाडी हाताला लागत नाही आणि श्वास दिसत नाही, म्हणून मृत्यूची खात्री डॉक्टरनेच करावी. डॉक्टर पोहोचू शकत नसेल, तर त्याच्या सूचनेनुसार जवळच्या प्रशिक्षिताने. खात्री झाल्यानंतर काम थांबवून सर्वांना बाहेर बोलवावे, आणि देह काढण्याचा प्रश्न पूर्णपणे नवा प्रश्न म्हणून हाताळावा, कारण आता घाई उरलेली नसते आणि म्हणून धोका पत्करण्याचे समर्थनही उरत नाही. मॉसच्या वडिलांनी मुलाचा देह बाहेर काढण्यासाठी आणखी कोणाचा जीव धोक्यात घालू नये असे सांगितले, आणि ती कपार बंद करण्यात आली. नटी पटीतील तरुणाचा देहही आतच आहे आणि गुहेचे तोंड काँक्रीटने बुजवलेले आहे. कॉलिन्सचा देह मात्र एप्रिल १९२५ मध्ये, घाई न करता, बाहेर काढला गेला.

पथकाने त्यानंतर आठवणी ताज्या असतानाच लेखी अहवाल करावा: वाटेच्या तोंडाशी ठेवलेली नोंदवही, वापरलेल्या प्रत्येक आधाराची जागा आणि खडकाचा प्रकार, निसटलेला किंवा वाकलेला आधार जपून ठेवून त्याची तपासणी, तुटलेल्या दोराचे टोक, आणि हवेच्या मोजमापांच्या वेळा. हा अहवाल आपल्याच कपाटात न ठेवता त्या भागात गुहांमध्ये उतरणाऱ्या इतर गटांकडे पाठवावा, आणि त्यासोबत त्या फटीची मापे दाखवणारा दुरुस्त नकाशाही द्यावा.